व्यायामाची वही

मंगळवार, दि. ८

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेली चार पायांची काठी आणि रबरी चेंडू शनिवारी सुखरूप पोचले. काठीची पावती पाहिली. नऊशे चाळीस! दवाखान्यात जुनी फुकट वापरायला मिळत होती. असो, भावासाठी घेतलीत, मी कोण बोलणार? हमालाने वर आणायचे वीस मागितले, मी पंधरा दिले.

काठी कोपऱ्यात उभी आहे. तुमचे बंधू पलंगावर आडवे. दोघांची अजून ओळख झालेली नाही.

झटक्याला साडेतीन महिने झाले. पाय बरा टाकतात, भिंत धरून मोरीपर्यंत जातात. रडगाणं आहे ते उजव्या हाताचं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाई आठवड्यातून एकदा तास घेतात. एरवी घरी सकाळ-संध्याकाळ मूठ वळायची, हात उचलायचा, बटणं स्वतः लावायची, आणि झालं की मी वहीत खूण करायची.

आता यांचं ऐका. "चेंडू दाबा हो" म्हटलं की, "मी काय तान्हं बाळ आहे?" सदरा पुढे केला की, "तू लाव ना बटणं, तुझे हात कशाला आहेत?" मी लावते. घासही भरवते. फार ताणलं तर डोळ्यांत पाणी आणतात. जन्मभर कधी रडले नाहीत, आता बरं जमायला लागलं!

काल बाईंनी वही चाळली, यांचा हात उचलून पाहिला आणि वही मिटली. म्हणाल्या, "सहा आठवडे एकही दिवस न चुकता करून हात हलत नाही, म्हणजे आता फारशी आशा नाही. एकवीस तारखेला शेवटचा तास. मग यांची वेळ दुसऱ्या पेशंटला देऊ."

हे माझ्याकडे बघत होते. मी वहीकडे.

वन्सं, व्यायाम दहा दिवसही झाला नसेल. खुणा सगळ्या माझ्या. वाणसामानाच्या वहीत मी दहा पैशांचा फरक राहू देत नाही, आणि इथे देवापुढचा दिवा लावून उठले की एक खोटी खूण. रिकामा रकाना दिसला तर बाई यांना चारचौघांत बोलतील, एवढंच डोक्यात होतं. ज्या हाताला कामच दिलं नाही, तो वाया गेला असं माझ्या वहीने ठरवलं.

घरी येऊन म्हणाले, "बरं झालं, कटकट गेली." पण आज दुपारी चेंडू कपाटाखाली सापडला. मी तो फळीवर ठेवला होता. विचारलं, तर म्हणतात, "मांजराने पाडला असेल."

आमच्याकडे मांजर नाही.

एकवीसला मी बाईंना खरं सांगणार आहे, यांच्या देखत. तोवर यांनी उघडपणे चेंडू धरायला हवा. माझं ऐकत नाहीत, तुम्हाला अजून घाबरतात. खरमरीत पत्र उलट टपाली पाठवा, यांच्याच नावाने, आणि पाकीट घट्ट चिकटवा. मी फोडून देणार नाही.

आपली,
धाकटी भावजय