वर्षाराणीची पाठराखीण

नांदेड, मंगळवार

चिरंजीव शेषेराव यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. गुडघा कसा हाय ते कळव. बरा असला तर एका ओळीत, नसला तर डॉक्टरचं नाव लिही, म्हणजे कुणाकडे जायचं न्हाई ते आम्हाला कळेल. फोनच केला असता, पण तो सुनेसमोर चार्जिंगला लावलेला असतो, म्हणून चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने लिहून राहिले.

शिल्पा सूनबाईला दवाखान्यात नर्सच्या कामावर परत जायचं होतं, तेव्हा नात वर्षाराणीला (वय तीन, आवाज तीस वर्षांचा) बालवाडीत घालायला माझ्या रामकिशनने मला गावाहून बोलावून घेतलं. पहिल्या बालवाडीच्या दारात सिमेंटचा जिराफ होता. आतल्या बाईने पोरीला रंग विचारले, रामकिशनला पगार आणि मला शिक्षण. मी म्हटलं, चौथी, म्हणजे तुमच्या शाळेत सगळ्यात मोठ्या वर्गातली मीच. (पुढं तिथलं जमलं न्हाई.) दुसऱ्या ठिकाणी मी आधी संडास पाहिला, मग खिचडी चाखली, मग दिलशाद टीचरच्या ओढणीला लेकरांचा शेंबूड किती पुसलाय ते पाहिलं. ओढणी चांगली भरलेली होती. म्हटलं, हीच शाळा.

पहिल्या दिवशी चूक झाली ती माझी, असं घरातल्या लोकांचं म्हणणं. आता पोरगी परक्या घरी जाणार, तर तशीच कशी धाडायची? कुंकू लावलं, नवा परकर नेसवला, टीचरची खण-नारळाने ओटी भरली (तिनेही ओढणी पसरून घेतली, वळण चांगलं हाय) आणि म्हटलं, आमची लेक आता तुमची, सांभाळून घ्या. झालं. वैशाखात माझ्या धाकटीचं लग्न झालं (तू उशिरा आलास आणि आधी जेवलास तेच), ते या पोरीने डोळ्यांनी पाहिलेलं. आत्याला असंच नटवलं, असंच सोपवलं, आणि आत्या जीपमध्ये बसली ती गेलीच. पोरीने नारळाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फाटक धरून सुरू केलं, "मला न्हाई नांदायचं हितं." समोरच्या पंक्चरवाल्याने काम थांबवलं. टीचर म्हणाली, "आजी, रडणारी लेकरं लई पाहिली, पण सासरला भिणारं हे पहिलंच." आठ दिवसांत रमली तर ठीक, न्हाई तर पुढच्या साली आणा, असंही म्हणाली. म्हणजे शिल्पाची नोकरी गेली.

मग मी विचार केला, लग्नच झालंय तर पाठराखीण नको का? नवरीसंगं घरातली बाई चार दिवस सासरी राहते, हे पोरीलाही ठाऊक. आत्यासंगं मीच गेले होते. तर इथंही मीच. आधी पोरीला खेटून बसले, मग भिंतीला, मग दाराशी, मग व्हरांड्यात. खिचडी रोज खाल्ली. एक लेकरू थांबून थांबून रडत होतं, त्याला म्हटलं, रडायचं तर नीट रड, मधेमधे काय थांबतंस. ते गप्पच झालं. तेव्हापासून टीचर रडणारी सगळी माझ्याकडं पाठवायला लागली.

काल सातवा दिवस. वर्षाराणी हाताला रंग माखून व्हरांड्यात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आजी, तू जा आता. पाठराखीण चारच दिवस ऱ्हाते." मी म्हटलं, बरं. घरी येऊन वाटीभर शेंगा सोलल्या. शिल्पाची नोकरी वाचली, हे चांगलंच झालं.

सर्वांना यथायोग्य सांग. ज्याला जितकं योग्य वाटेल तितकंच.

तुझी अक्का

ता. क. मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून ये. इथं दुपारी घरात फक्त फ्रिज आवाज करतो. दोन लुगडी आणि पानाचा डबा बांधून ठेवला हाय.

ता. क. दुसरा. गुरुवारी येऊ नको. जेबा नावाची नवी पोरगी येऊन राहिली, तिच्या आईलाही कामावर जायचं हाय. टीचरचा निरोप आला की आजी, हिच्यासंगं पाठराखीण कुणीच न्हाई. शुक्रवारीही येऊ नको. गुडघ्याला आराम दे. गाठोडं मी सोडलंय, पानाचा डबा लागतो म्हणून.