चार बोटं अंतर

सड्यावरची वाडी, हेदवी
९ मार्च २०२५

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस नि माझ्या म्हाताऱ्या कानांना नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा आपलं पत्रच बरं. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की हटकून चढतोस, मेल्या.

आता आनंदाची बातमी. दर्शना पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत्येय. जावईबापूंना मुंबईची नोकरी सोडून येता येत नाही, म्हणून जूनअखेरपर्यंत ती इथेच. दिवस मेच्या मध्याला भरतात. तुला ठाऊकच आहे, आपली घाटी चढायला रिक्षाही तयार होत नाही, अँब्युलन्सचं तर नावच नको. पण यंदा काळजी नाही. लेकाने, सर्वेशने जुनी का होईना, फोर बाय फोर घेतलीय. पुढे पाच माणसांची केबिन, मागे आंब्याच्या पेट्यांना हौदा. पुढे रानडुकराला भिववील असा लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर. शिवाय गॅरेजवाल्याने मागे स्प्रिंगचे जादा पाटे घालून गाडी चांगली वीतभर उचलून दिली. म्हणतो, आता दीडपट माल घाला, बसायची नाही.

आणि खरंच बसत नाही रे! ह्यांची रीत तुला आठवते ना? जुन्या जीपच्या मागच्या टायर नि मडगार्डमध्ये चार बोटं राहिली की माल पुरे. परवा मी स्वतः हात घालून बघितला. हौदा शिगोशीग भरला तरी अख्खा हात आत जातो. मीच म्हटलं, घाला अजून चार पेट्या.

दर्शनाला खाली न्यायला गाडी दारात उभी आहे, याहून मला काय हवं? घरी सर्वांना आशीर्वाद. माया आहेच, पत्रातूनही येत जाऊ दे.

तुझी,
दमूताई

*

रत्नागिरी
१४ मार्च २०२५

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

दर्शनाचं वाचून फार बरं वाटलं. गाडीचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. तू म्हणशील, निवृत्त झाला तरी ह्याच्या अंगातलं आरटीओ जात नाही. म्हण. पण तेवढं पुढचं नीट वाच आणि सर्वेशलाही वाचायला लाव.

गाडीने किती वजन न्यायचं ते तिच्या नोंदणीच्या कागदावर असतं. रिकाम्या गाडीचं वजन वेगळं आणि भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन वेगळं. मधल्या फरकात नुसत्या पेट्या येत नाहीत. माणसं त्यातच, आणि सर्वेशचा तो रानडुकराचा बंपर आणि कॅरिअरही त्यातच. तेवढं लोखंड चढवलंत म्हणजे तेवढा आंबा उतरवायला हवा. पाटे घातल्याने कागदावरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही. उलट असे बदल परवानगीवाचून करायचेच नसतात. उद्या काही झालं तर विमावालेही हात वर करतील.

कायदा ठेव बाजूला. गुडघ्याला पट्टा बांधला म्हणून काळीज बळकट होत नाही. पाटे जाड झाले, पण ब्रेक तेच, आस तोच, टायर तेच. त्यात गाडी उंच झालेली, वळणावर लवंडायला सोपी. भावोजींची चार बोटं त्यांच्या जीपला बरोबर होती, कारण मऊ पाटे ओझं दाखवत होते. ही गाडी आता दाखवतच नाही. चार बोटांची वाट बघत भरत राहिलात तर कुठे थांबणार?

दर्शनाला ह्याच गाडीतून न्यायचं असेल तर आधी जुने पाटे परत घाला. एवढं माझं ऐक. सौ. नमस्कार सांगते. राग आला तरी ममता कमी करू नये.

तुझा,
बाळा

*

सड्यावरची वाडी
२० मार्च २०२५

चि. बाळास आशीर्वाद.

सर्वेशला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या, स्वतः एक पेटी घाटीवरून उतरवली नाही. मी त्याला दटावलं, पण खरं सांगू, मलाही थोडं तसंच वाटलं. तू लहानपणापासून भित्रा. विहिरीत पोहायलासुद्धा दोर बांधून उतरायचास.

पोराचा हा पहिला स्वतःचा हंगाम आहे. वाडीतला कोणी खाली जायला निघाला की गाडीला हात करतो, त्याला नाही म्हणायचं का? आपल्यात ती रीत नाही. बघू, हंगाम सरला की पाटे बदलू. दर्शना सुखरूप पोचली, तुझी आठवण काढत होती.

दमूताई

*

सड्यावरची वाडी
२२ एप्रिल २०२५

चि. बाळास आशीर्वाद.

काल सकाळी गाडी घाटीत थांबेना. भरपूर माल होता, मागे पेट्यांवर आपल्या कलमांत काम करणारा लवू बसला होता. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तर तापून गेलेला, नुसता वास. सर्वेशने प्रसंग ओळखून गाडी कडेच्या दगडी गडग्यावर घातली, म्हणून दरीत गेली नाही. त्याला खरचटलं फक्त. लवू उडून कातळावर पडला, पायाचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात नीट जुळेल.

सर्वेश कालपासून जेवला नाही. सगळे गॅरेजवाल्याला शिव्या देतायत. पण बाळा, शेवटच्या पेट्या मी चढवायला लावल्या. हात आत घालून बघितला आणि म्हटलं, अजून जागा आहे. तू लिहिलेलं असताना! लवूची आई येसूबाई भेटायला आली. मला वाटलं बोलेल, ओरडेल. तर तिने सर्वेशसाठी पेज आणली होती. तिच्यापुढे मान वर करवेना.

आणि सारखं मनात येतं, मागे लवू होता तशी पुढे दर्शना असती तर? तिचे दिवस जवळ आले. आता आम्ही काय करू ते तू सांग. यावेळी ऐकेन.

दमूताई

*

रत्नागिरी
५ मे २०२५

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

गाडी आज दुरुस्त होऊन निघते आहे, सर्वेशबरोबरच हे पत्र देतो. ब्रेक नवे केले. कंपनीचे मूळ पाटे बसवले, बंपर आणि कॅरिअर उतरवलं. मग आम्ही दोघं वजनकाट्यावर गेलो. रिकामी गाडी तोलली, पेट्या चढवत चढवत पुन्हा तोलली, आणि कागदावरचा आकडा आला तिथे सर्वेशने आपल्या हाताने हौद्यात रंगाची रेघ मारली. रेघेवर पेटी नाही. हौद्यात माणूस तर नाहीच नाही, कोणीही असो.

मी त्याला एका शब्दाने बोललो नाही. रात्री अंगणात बसून तोच म्हणाला, मामा, लवूकडे बघवत नाही. मी म्हटलं, बघवत नाही म्हणून जायचं टाळू नकोस, रोज जा. पोरगा चांगला आहे, ताई. आणि स्वतःला दोष देणं आता पुरे कर. दर्शनासाठी गाडी ठीक आहे, निर्धास्त ने. आम्हा दोघांचा जीव तुमच्याकडेच लागलाय, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
बाळा

*

सड्यावरची वाडी
२१ मे २०२५

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगी झाली हे सर्वेशने फोनवर सांगितलंच. दोघी खुशाल आहेत, नातीचं नाक थेट तुझ्यामाझ्या आईचं आहे. पण त्या दिवशीचं तुला कोणी सांगितलं नसेल, ते मी सांगते.

उजाडताना दर्शनाला कळा सुरू झाल्या. माहेरवाशीण बाळंतपणाला निघते म्हटल्यावर अख्खी वाडी गोळा झाली. मागच्या बाकावर दर्शना आडवी, तिला धरायला वाडीची आशा सेविका दिशा, पुढे सर्वेश आणि दवाखान्यातल्या धावपळीला सूनबाई मनस्वी. केबिन भरली. मग काय, दोघी बायका हौद्यात चढल्यासुद्धा, कोणी गणपतीच्या देवळात द्यायला नारळाचं पोतं ठेवलं, कोणी तांदूळ. आजवर मी कोणाला गाडीतून उतरवलं नव्हतं. त्या दिवशी उतरवलं. पोतीही काढायला लावली. त्या दोघींतली काशी रागावली, अजून बोलत नाही.

तर सगळ्या म्हणाल्या, बरं, आम्ही नाही, पण तू आई आहेस, तू तरी मागे बस. दर्शनाने खिडकीतून माझा हात घट्ट धरलेला. ती म्हणत होती, आई चल. बाळा, पाय हौद्याकडे आपसूक वळले रे. एकटी म्हातारी मी, माझं वजन ते किती? पण लवू डोळ्यांसमोर आला. एकेक बोट सोडवून तिचा हात काढला आणि सर्वेशला म्हटलं, ने.

गाडी वळणाआड गेली. मला तर लांबचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी येसूबाईच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. ती कान देऊन ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि खूण केली, पोचली खाली.

दुपारी घाटी पायी उतरून खालून दुसऱ्या गाडीने मी दवाखान्यात गेले, तर दर्शना तान्हीला दाखवायचं सोडून आधी भांडली. म्हणाली, आई, तू माझा हात सोडलास. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण मला रडूच कोसळलं, आणि मग तीही रडली, आणि नात आमच्या दोघींच्या वर.

बारशाला सौ.ला घेऊन ये, आणि घाटीच्या पायथ्याशी थांब, सर्वेश न्यायला येईल. तुझी बोलणी आणि तुझी माया, दोन्ही अशीच लाभू दे.

तुझी,
दमूताई