खरारा ज्याचा त्याने

प्रिय आई,

मी खाऊनपिऊन ठणठणीत आहे, पण आज डोकं फिरलंय.

आमच्या तबेल्यात पाटीच आहे, रपेट झाली की स्वाराने स्वतः घोड्याचं अंग पुसून, घासून खरारा करायचा. पण एक डॉक्टर रोज उतरले की लगाम माझ्या अंगावर टाकून चालते होतात. घोडी घामाने निथळत असते, खुरांत चिखल असतो. आज मी लगाम झेललाच नाही. म्हटलं, "पाठीवर तुम्ही बसलात, आता पुसा पण तुम्हीच."

पुसलं त्यांनी, पण केसांच्या उलट्या दिशेने. घोडीने शेपटी फाडकन त्यांच्या तोंडावर मारली आणि मला हसू आवरलं नाही. मालकांनी झापलं मात्र मलाच. आता आठवडाभर नुसतं शेण काढायचंय. नोकरी शाबूत आहे, काळजी करू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा कामावरून आला की अजून बूट दारात भिरकावतो, आणि वाकून उचलतेस तूच ना?

चष्मा फुटल्यापासून माझी पत्रं तुला दादाच वाचून दाखवतो, ठाऊक आहे मला. दादा, ही ओळ गाळू नकोस. आधी उठून बूट उचल, मगच पुढचं वाच.

आईच्या गुडघ्यांना तेल आजपासून तू चोळायचं.

तुमची धाकटी