गाडी मागं घेताना

अण्णा, मी गाडी घेतलीय. तुम्हाला सांगण्यासारखं इतक्या वर्षांत बरंच झालं, पण बाप-लेकीचा आपला विषय गाडीच, दुसरं आपण बोललो तरी काय, म्हणून तिथूनच सुरुवात करते. गाडी जुनी आहे, कुणीतरी वापरून विकलेली, पांढरी. तुम्ही जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलीत आणि स्टेअरिंगला कधी बोट लावलं नाहीत. मी चाळिशी उलटल्यावर शिकले. नांदेडात आमचं घर एका बोळात आहे, बोळ अरुंद आणि गेट त्याहून अरुंद. ह्यांची बदली माहूरला झालीय, शनिवारी येतात. बाकीचे दिवस घरात मी आणि आई. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, संध्याकाळी येते आणि गाडी उलटी आत घेते, कारण सकाळी बोळात शाळेच्या रिक्षा अडकलेल्या असतात आणि तेव्हा उलटं बाहेर निघणं माझ्याच्यानं होत नाही. आईला आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते ती टीव्हीवर ठेवते. म्हणते, त्यात नुसता वारा वाजतो.

तुमचा नियम तुम्हाला आठवत असेल. मागं माणूस असल्याशिवाय गाडी मागं घ्यायची नाही. औशाला आपलं घर स्टँडच्या मागच्या अंगाला होतं, एसटी तिथंच वळायची. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची, मी तिच्या शेजारी, आणि तुम्ही गाडीतून उतरून मागं जायचे. दोन्ही हात छातीकडं ओढत, जणू अख्खी गाडी दोरीनं ओढून आणताय असं, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे’ आणि मग एकदम तळहात उभा करून ‘बास!’ ड्रायव्हर बदलले तरी तुमचं ते बदललं नाही. घरीही तेच. काका स्कूटर ढकलत अंगणात मागं घ्यायचे तरी तुम्ही जेवणावरून उठून मागं जाऊन उभे. काका म्हणायचे, ‘अहो दादा, स्कूटर हाय ही, एसटी न्हाई.’ तुम्ही म्हणायचे, ‘मागं डोळे हायेत का तुला?’ आई हसायची. तिला तुमची ही एकच गोष्ट बघायला मनापासून आवडायची असं आता वाटतं. बाकी तुम्ही घरात असलात की ती कामात असायची.

मला तुम्ही शिकवलंत ते मात्र हसत नव्हे. शेतातला कडबा आणायला ट्रॅक्टर आला होता आणि मी मोठ्या हौसेनं ट्रॉलीच्या मागं मधोमध उभी राहून ‘येऊ दे’ करायला लागले. तुम्ही धावत आलात आणि दंड धरून मला इतकं जोरात बाजूला ओढलंत की बांगडी फुटली. ‘मधी उभं राहून मरायलीस का? डायवरचं तोंड दिसायलंय का तुला आरशात? न्हाई दिसायलं ना? मग त्यालाबी तू दिसत न्हाईस.’ सगळ्यांसमोर बोललात. मी रुसले, रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही लातूरहून येताना बांगड्या आणल्यात, हिरव्या, मापानं मोठ्या, आणि त्या हातात देताना परत तेच: ‘बाजूला उभं राहायचं. आरशात तोंड दिसलं पाहिजे.’ मी ते विसरले नाही. आजही कुणाच्या गाडीमागं उभी राहिले तर पाय आपोआप बाजूला जातात. पण अण्णा, तुम्ही हे मला शिकवलंत. आईला नाही. ती ओट्यावरून बघत होती आणि ओट्यावरून तुम्ही गाडीच्या बरोबर मागंच उभे दिसायचे. तिला काय माहीत, तुम्ही अर्धं पाऊल बाजूला असायचे ते. तिला कधी लागणार आहे हे, असं तुम्हाला वाटलं असणार. मला ह्याचा राग येतो. बाकी कशाचा आता येत नाही, ह्याचा येतो.

कारण गाडी आली त्या संध्याकाळपासून ती मागं उभी राहते. तिला कुणी सांगितलं नाही. हॉर्न तिला ऐकू येत नाही, पण माझी वेळ झाली की ती गेटपाशी येऊन थांबते आणि गाडी वळली की मधोमध जाऊन उभी. मी काचेतून ओरडते, ‘आई, बाजूला हो!’ ती म्हणते, ‘हाव, हाव, ये तू, हाय मी.’ तिची उंची ती केवढी, मागच्या काचेत पदरसुद्धा येत नाही. आरशात तर नाहीच. मी नुसत्या तिच्या आवाजावर गाडी मागं घ्यायचे आणि आवाज केवढासा. घरात बसवून बोलले, रागावले, कागदावर चित्र काढून दाखवलं, ही गाडी, ही तू, इथं उभी राहा. तिनं चष्मा लावून चित्र बघितलं आणि म्हणाली, ‘तुझ्या अण्णांनी आयुष्य काढलं ह्याच्यात. मला नगं शिकवू.’ हट्टी म्हणजे किती हट्टी!

मग ते झालं. येऊ दे, येऊ दे चाललं होतं आणि मधेच थांबलं. मला वाटलं, जागा आहे अजून, बास म्हणाली नाही अजून. गाडीला काहीतरी मऊ लागलं. मी ब्रेक दाबला, उतरले. ती जमिनीवर बसली होती, एका हातात तिची चप्पल. चपलेचा अंगठा निघाला म्हणून ती वाकली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. वर बघून म्हणाली, ‘काय न्हाई झालं गं. बसले जरा. तू ये, ये, जागा हाय.’ मी तिला उठवलं, कोपराला हळद लावली, भाकरी केल्या, उत्तरपत्रिका तपासल्या. मला काहीच वाटलं नाही. मी वाट बघत होते की आता हात कापतील, आता रडू येईल. दातवाल्यानं सुई दिल्यावर गाल होतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तसं सगळं आत. तुम्ही गेलात तेव्हाही असंच होतं, तेव्हा लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर कसला आलाय, बधिर होते मी. आताही तशीच आहे. फक्त एक कळत होतं, पुढच्या वेळी ती उठणार नाही.

मागं कॅमेरा बसवून घ्यायचा म्हणून गाड्यांच्या सामानाची ओळीनं दुकानं आहेत तिथं गेले. एक मेंदी लावलेल्या दाढीचे चाचा होते, लई बोलके. म्हणाले, ‘मॅडम, हे कंपनीच्या स्टिरिओचं डबडं काढून फेका. मोठ्या पडद्याचं अँड्रॉइड लावतो, नवी गाडी वाटंल.’ म्हटलं, मला गाडी नवी वाटायला नको, ह्याच छोट्या पडद्यावर मागचं दिसलं पाहिजे, आणि खर्च बेताचा. त्यांना ते काही आवडलं नाही. स्टिरिओ बाहेर ओढून मागं बॅटरी मारून बघितलं, म्हणाले, ‘हाय, कॅमेऱ्याची जागा दिलेली हाय कंपनीनं, फक्त कॅमेरा दिला न्हाई. भारी मॉडेलवाल्यांना देतेत.’ जागा आहे पण सॉकेट वेगळं, ते हैदराबादहून मागवावं लागणार होतं. ते येईपर्यंत मी गाडी बोळाच्या तोंडाशीच लावत होते. आई रोज गेटात थांबायची आणि मी चालत आलेली बघून विचारायची, ‘गाडी आत का आणीनास? माझ्यावर रुसलीस काय?’

सॉकेट आलं. चाचांनी डिक्कीच्या दारात नंबरप्लेटच्या दिव्याशेजारी कॅमेरा बसवला, बोंडाएवढा, मागच्या पांढऱ्या दिव्याची वायर त्याला जोडली आणि दुसरी वायर दाराच्या रबरातून, पायाखालच्या पट्टीखालून पुढं आणली. रिव्हर्स टाकला आणि पडद्यावर मागचा रस्ता उमटला. चाचा म्हणाले, ‘माशाल्लाह!’ मी बघत राहिले. त्यांची मोटरसायकल गाडीच्या डावीकडं उभी होती आणि पडद्यावर उजवीकडं दिसत होती. सांगितलं तर म्हणाले, ‘होतं मॅडम तसं. सवय पडती चार दिवसांत.’ अण्णा, त्या आठवड्यात पहिल्यांदा मी ओरडले असेन. म्हटलं, ‘चाचा, माझी आई मागं उभी राहते! तिच्यावर सवय करू का मी?’ दुकानातली माणसं वळून बघायला लागली. चाचांनी परत डिक्की उघडून कॅमेऱ्याच्या वायरीत चित्राची बाजू बदलणारा एक बारीक फास होता तो शोधला, कात्रीनं तोडला, मग डावं डावीकडं आलं. माझ्या हातात पाण्याचा ग्लास देऊन म्हणाले, ‘अम्मीला सलाम सांगा.’

त्या संध्याकाळी गाडी बोळात वळवली आणि रिव्हर्स टाकला. पडद्यावर आई आली. अख्खी, पायांपासून डोक्यापर्यंत. इतके महिने मी नुसता तिचा आवाज ऐकला होता, ती काय करते हे कधी बघितलंच नव्हतं. ती दोन्ही हात छातीकडं ओढत होती. तुमच्यासारखे. तुमच्यासारखे म्हणजे अगदी तेच, मान डावीकडं कलती, तोंड थोडं उघडं, डोळे गाडीच्या चाकावर. पडद्याला आवाज नसतो. मी ब्रेकवर पाय ठेवून बसले होते, गाडी हलत नव्हती आणि ती माझ्या हलत नसलेल्या गाडीला येऊ दे, येऊ दे करत होती. बोळातून रिक्षावाल्यानं हॉर्न मारला तेव्हा उतरले.

तिला पुढच्या सीटवर बसवून दाखवलं. गेट, पायरी, तुळशीची कुंडी, सगळं पडद्यात. ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘चांगलंय. मंग आता मी नगं.’ मी म्हणाले, तसं नाही आई. पण तिला ते ऐकू गेलं नसावं, आणि मी परत मोठ्यानं म्हणाले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गेटात आली नाही. गाडी एका दमात आत येते, कुठं खरचटत नाही, मी दार उघडून आत जाते तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. माझी यायची वेळ कोणती हे ती विसरली. पोळी मागून घेईना, केस विंचरेना. ह्यांनी शनिवारी विचारलं, आईंना बरं नाही का. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ती वाचली म्हणून. तेही वाटलं नाही.

परवा मी गाडी बोळात उभी केली आणि घरात जाऊन तिला हलवून उठवलं. कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, ‘आई, ते मशीन बंद पडलं. काही दिसंना मागचं. चल.’ ती उठून बसली. चप्पल शोधायला लागली. ‘मी म्हणलं न्हवतं का,’ म्हणाली, ‘त्या डब्यावर भरवसा नसतो.’ बाहेर आणून मी तिला दोन्ही खांद्यांना धरून गेटाच्या खांबापाशी उभं केलं, बाजूला, आणि परत कानाशी जाऊन म्हणाले, इथून हलायचं नाही. आरशात माझं तोंड दिसायलंय का सांग. अण्णांनी मला असंच शिकवलंय, तुला सांगायचं राहिलं त्यांचं. तिनं आरशाकडं बघितलं. तुमचं नाव काढलं म्हणून असेल, तिनं वाद घातला नाही. म्हणाली, ‘हाव, दिसायलीस की. म्हातारी झालीस.’

आता रोज तसंच चाललंय. ती खांबापाशी, आरशात. पडद्यात मागं कुणी नसतं. ती बास म्हणते तेव्हा अजून चांगली हातभर जागा असते, पण मी थांबते. गाडीचं नाक थोडं बोळात राहतं, शेजारी कुरकुर करतात, करू देत. मावशीला तिनं फोन लावून ओरडून सांगितलं की लेकीनं मशीन बसवली, आठ दिवस टिकली न्हाई, शेवटी मीच. तिकडून काय बोलतात ते तिला ऐकू येत नाही, तरी बोलत होती. हे लिहिलेलं मी घरात ठेवणार नाही, चष्मा लावला की तिला अजून सगळं वाचता येतं. उद्या कॉलेजात नेऊन लॅबच्या बर्नरवर धरेन. फक्त एवढंच, अण्णा, ती कधीतरी तिकडं तुमच्याकडं येईल आणि पहिल्यांदा हेच सांगेल. तेव्हा तिला सांगू नका, कॅमेरा चालू होता म्हणून.