भितीतली बाई, तिचा शेवट आणि माझी इतर मालमत्ता

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, देवाला स्मरून हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा अकलेशी संबंध नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. हे लिखाण मी कोणाच्या दबावाखाली, भुलावणीने किंवा भीतीपोटी करीत नाही. हे वाक्य वकिलांनी घालायला लावले. भीती या विषयावर माझे पन्नास वर्षांचे वाचन आहे, तेव्हा ती मला असती तर मी ओळखली असती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व स्वयंपाकघर, थोरला मुलगा आणि धाकटी लेक यांना निम्मे निम्मे. लेकीला निम्मे कशाला, असे मुलाने तोंडाने विचारले नाही, पण त्याच्या कपाळावर ते वाचता आले. वाटणी रागात करू नये. रागासाठी पुढे वेगळे कलम आहे.

कलम २. बँकेतील ठेवीचेही तसेच.

कलम ३. माझे यजमान छापखान्यात खिळे जुळवीत, म्हणजे शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळ लावीत. ओळ लावायची त्यांची लोखंडी पट्टी मुलाने घ्यावी. लहानपणी तो ती आगगाडी म्हणून फिरवी. पाणी तापवायचे मोठे पातेले नणंदबाईंना द्यावे. मी माहेरी गेले असताना त्यांनी माझ्या कागदांचा एक गठ्ठा चुलीत घालून पाणी तापवले होते. "भुतंखेतं वाचून पोरगी भुतासारखी होईल, वहिनी," असे वर ऐकवले. पातेले तेच आहे. त्यांनी ते आनंदाने वापरावे.

कलम ४. कागदांचे उरलेले सहा गठ्ठे. हे काय आहे ते नीट सांगते, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

यजमानांच्या छापखान्यात भुताच्या आणि जादूच्या कादंबऱ्या छापत. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पाने येतात. एक बाजू छापून झाल्यावर कागद बिघडला तर दुसरी बाजू कोरीच राहते, आणि तो रद्दीत जातो. यजमान ती रद्दी घरी आणीत. कागद विकत कशाला घ्यायचा? कोऱ्या बाजूला मी घरचा हिशेब लिही आणि छापलेली बाजू वाची.

आता एका बाजूला पाने येतात ती पहिले, चौथे, पाचवे, आठवे अशी. मधले दुसरे-तिसरे पान पाठीमागे छापायचे राहिलेले, जिथे माझे किराण्याचे आकडे. पहिल्या पानावर बाई विहिरीत वाकून बघते, चौथ्यावर तिचा नवरा दाराला कड्या घालत सुटतो. मध्ये काय झाले? ते माझे मला जुळवावे लागे. शेवटचा कागद तर बहुधा येतच नसे. अशा निदान चाळीस कादंबऱ्यांचे शेवट मी भांडी घासता घासता लावले आहेत.

हे गठ्ठे मी आमच्या वाचनालयवाल्यांना देते. यजमान गेल्यावर मी तिथे वर्गणी भरू लागले आणि सबंध पुस्तक कसे असते ते पाहिले.

कलम ५. माझी मते. ही मालमत्ता नव्हे, असे वकिलांचे म्हणणे. मी म्हटले, कमावलेली आहेत, वापरलेली आहेत, आणि मला वारसाने मिळालेली नाहीत. तीही वाचनालयवाल्यांना. गिऱ्हाइकाला पुस्तक देताना उपयोगी पडतील.

भुताला नियम हवा. जे भूत पाचव्या प्रकरणात भिंतीतून आरपार जाते, त्याला नवव्या प्रकरणात कुऱ्हाडीने दार फोडायचे कारण काय? लेखकाला प्रकरण भरायचे होते, एवढेच.

जादू फुकट नसावी. शिट्टी वाजवली की ड्रॅगन हजर, अशा पाचखंडी कादंबरीत तो ड्रॅगन खातो काय याचा एका खंडात पत्ता नाही. किल्ल्यात तीनशे शिपाई राहतात आणि सबंध किल्ल्याला स्वयंपाकघर नाही. ज्याने कधी चार माणसांचे केले नाही, त्याने राज्य उभारू नये.

रक्त बेताने. ज्याला मीठ कळत नाही तो तिखट जास्त घालतो.

देवाला शेवटच्या पानावर हाक मारून भूत हाकलायचे, हे मला पटत नाही. मी रोज देवाचे नाव घेते. देव म्हणजे नळ फुटल्यावर बोलवायचा माणूस नव्हे. पहिल्या पानापासून ज्याची आठवण नाही, त्याला शेवटी वेठीला धरू नये.

भूत बहुतेक बाईचेच असते आणि तिचे केस मोकळे असतात. बिचारीला वेणी घालायला वेळ मिळाला नाही, हा तिचा गुन्हा.

आणि भुताची गोष्ट दुपारी सांगावी. रात्री कोणीही भितो, त्यात सांगणाऱ्याचे कसब ते काय?

कलम ६. हे रागाचे.

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी चष्मा लागला, तेव्हापासून घरात तिचे नाव ढापणी. शाळा सकाळची. दुपारची कामे उरकली की मी आतल्या खोलीत जमिनीवर आडवी व्हायची, ती शेजारी येऊन पडायची. "आई, तिची सांग." ती म्हणजे भिंतीतली बाई. आमच्या आतल्या खोलीची एक भिंत उगीचच जाड आहे. त्या जाडीत मी एक बाई बसवली. ती कोणत्याही छापलेल्या कागदावर आलेली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पानांची मला सवय लागली होती, त्या सवयीतून ती झाली.

नियम असा: बाई दुपारी तीनदा ठोकते आणि विचारते, "बाहेर कोण आहे?" कोणीतरी "मी आहे" म्हटल्याशिवाय भिंत उघडत नाही. घरातले सगळे ऐकतात, पण भिऊन कोणी उत्तर देत नाही. रोज काहीतरी वेगळे घडे, पण शेवट यायच्या आत ढापणी झोपून जाई.

दुसरीत असताना तिने माझ्या हिशेबाच्या कागदावर पेन्सिलीने लिहिले, "भितीतली बाई आज बोलली नाही." अनुस्वार राहिला. यजमानांचा जन्म अक्षरे लावण्यात गेलेला, ते पोट धरून हसले. "बघ, एक टिंब पडलं तर भिंतीची भीती झाली!" तेव्हापासून आमच्याकडे ती भितीतली बाईच. तो कागद गठ्ठा क्रमांक चारमध्ये आहे, तुरीच्या भावाखाली.

चार वर्षांपूर्वी वाचनालयवाले काउंटरवरूनच ओरडले, "काकू, आधी तोंड गोड करा! आमच्या ढापणीनं काय पुस्तक लिहिलंय! नंबर लागलेत वाचायला."

पुस्तकाचे नाव "भितीतली बाई". मला तिने सांगितले नव्हते. मी नंबर लावून, सतरा दिवस थांबून, लेकीचे पुस्तक वाचायला आणले. तीनदा ठोकणे तेच, प्रश्न तोच, जाड भिंत तीच. फक्त तिच्या पुस्तकात जो उत्तर देतो तो मरतो. अकरा माणसे मेली आहेत, मी मोजली. माझ्या बाईने कोणाच्या केसाला धक्का लावला नव्हता. तिला नुसते उत्तर हवे होते.

शेवटी आभाराचे पान आहे. प्रकाशक, मित्रमंडळी, आणि लिहिताना मांडीवर बसणारे मांजर. मांजराबद्दल माझे काही म्हणणे नाही.

त्याच महिन्यात तिची मुलाखत छापून आली. वाचनालयवाल्यांनी कौतुकाने मोठ्याने वाचायला घेतली आणि मध्येच आवाज खाली आणला. मी म्हटले, "वाचा की. थांबलात का?" ते म्हणाले, "चष्मा बदलायला झालाय, काकू." मग मी स्वतः वाचली. ती म्हणाली होती, "आमच्या घरात एकही पुस्तक नव्हतं. आई हिशेब लिहायची, बस. नावातला तो खेळ मला लिहिता लिहिता अचानक सुचला."

पहिले वाक्य खरे आहे. घरात पुस्तक नव्हते, सुटे कागद होते. दुसरेही खरे आहे. तिसरेही, एका अर्थी: टिंब लिहिता लिहिताच पडले होते. खोटे बोलली असती तर मी भांडले असते. तिने खरे तेवढेच सांगितले आणि मला पाठीमागच्या कोऱ्या बाजूला टाकले.

मी तिच्यावर अन्यायही करू इच्छीत नाही. नाव तिचेच आहे. सात वर्षांच्या पोरीने विसरलेले टिंब तिच्याच मालकीचे. चूक तिची, बाई माझी, असा माझा हिशेब आहे.

कलम ७. दुसरा भाग आला, त्यात आणखी नऊ मेले. यंदा तिसरा आणि अखेरचा भाग जाहीर झाला. त्यानंतर आठवड्याने तिचा फोन आला. दोन वर्षांत ती आधी दोनदा बोलली होती, दोन्ही वेळा भावाच्या फोनवरून.

"आई, जेवलीस?"

"हो. तू?"

"हो गं. आई, ती गोष्ट आठवते तुला? भितीतल्या बाईची?"

"कुठली बाई?"

"अगं, दुपारी सांगायचीस ती! शेवटी काय व्हायचं गं तिचं? मी झोपून जायचे बघ."

"का? तुला काय करायचंय?"

"काही नाही. असंच. आठवण आली."

"असंच" म्हणाली. "आई, मला लिहायचंय आणि शेवट सुचत नाहीये" असे म्हणाली असती तर मी हातातले काम टाकून सांगितले असते. कसले काय, उठून तिच्या गावाला गेले असते. मी म्हटले, "आठवत नाही गं. म्हातारी झाले." ती "बरं, ठेवते" म्हणाली.

मला आठवते. हे खोटे मी बोलले, ते देवापाशी कबूल केले आहे आणि इथेही करते.

मुलगा म्हणाला, "आई, सरळ फोन करून सांगून टाक. कोर्टकचेरी कशाला?"

"तिने मला सरळ विचारलं का?"

"अगं, ती तुझी लेक आहे."

"म्हणूनच," मी म्हटले. परक्याने केले असते तर चोरी म्हणून सोडून दिले असते.

कलम ८. भिंतीतल्या बाईची गोष्ट ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता असून तिचा शेवट पुढे लिहिते. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात गोष्ट लिहीत नाहीत."

"मालमत्तेचं वर्णन लिहितात ना?"

"लिहितात. चतुःसीमा लिहितात."

"मग हिच्या चारही बाजूंना भिंतीच आहेत असं समजा," मी म्हटले. त्यांनी पेनाचे टोपण लावले.

शेवट असा. एका दुपारी बाईने तीनदा ठोकले आणि विचारले, "बाहेर कोण आहे?" घरात सगळे होते. कोणी बोलले नाही. बाई पुष्कळ वेळ थांबली. मग तिच्या ध्यानात आले की उत्तर बाहेरूनच यायला हवे असे भिंतीने कधीच म्हटले नव्हते. तेव्हा ती आतूनच म्हणाली, "मी आहे." भिंत उघडली. बाई बाहेर आली, अंगावरची विटांची धूळ झटकली, आणि कोणाकडे न बघता दारातून निघून गेली. त्या दिवसापासून घरातली माणसे दुपारी भिंतीला कान लावून बसतात. आतून काही येत नाही. भीती तिथून सुरू होते.

ही गोष्ट या शेवटासह मी माझ्या लेकीस देते. तिने ती हवी तशी छापावी. माझे नाव घालावे अशी अट मी घालीत नाही, कारण अट घालून आलेले नाव मला नको. माझ्या बाईकडून मात्र कोणाला मारवू नये. ही विनंती आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलाने करावी.

सगळे वाचून झाल्यावर वकिलांनी विचारले, "हे तिला कळेल तेव्हा तुम्ही नसाल, ते लक्षात आहे ना?" ते माझ्या लक्षात नव्हते असे नाही. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत सही झाल्यावर आजच्या टपालाने लेकीच्या पत्त्यावर पाठवावी. शेवट तिला दोन-चार दिवसांत मिळेल. तिसऱ्या भागाला उशीर व्हायला नको.

गोष्ट दिली. माफी दिलेली नाही. ती मृत्युपत्राने देता येत नाही, घेणाऱ्याला समोर यावे लागते. मी अजून आहे. दुपारी घरीच असते.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केले.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली:
१. (सही) वाचनालयवाले. कलम पाचमधील "रक्त बेताने" याशी सहमत.
२. (सही) समोरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या. यांनी मजकूर वाचला नाही, फक्त सही पाहिली, आणि डोळे पुसले ते वाचनालयवाल्यांकडे बघून.

ठिकाण: राहते घर, आतली खोली
दिनांक: चौदा, बुधवार, दुपारचे तीन