रश्मी नावाची रेघ

प्रिय रश्मी,

तू फोन उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही. म्हणून हे कागदावर लिहून देहूरोडला पाठवते आहे.

चाकणच्या आपल्या कंपनीत अजून कुजबुज आहे, साच्यांची ड्रॉइंग्ज तू बाहेर पाठवलीस म्हणून. पुरावा एकच: नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या माझ्या सॉफ्टवेअरमधली किती डेटा बाहेर गेला ते दाखवणारी ती उंच चढलेली रेघ. तिला तुझं नाव मीच दिलं होतं. सगळ्यांच्या केबली जिथं जोडतात, त्या स्विचच्या ज्या तोंडाला जिची केबल, तिचंच नाव त्या इंटरफेसला. वाचायला सोपं, असं तेव्हा वाटलं.

शाळेत घालायच्या आधी आईनं मला घरीच पाटीवर गणित शिकवलं. बेरीज झाली की वजाबाकी करून पडताळायची, मगच पाटी पुसायची. ती खोड अजून गेली नाही. तुला घरी बसवल्यावर बाकीच्यांनी बघायचं सोडलं, मी बघत राहिले. परवा लक्षात आलं, तुझा कॉम्प्युटर बंद, खुर्चीवर धूळ, आणि ‘रश्मी’ संध्याकाळी चढतेच आहे. ‘कॅमेरा’ नावाची रेघ मात्र केव्हाची झोपलेली. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

‘रश्मी’च्या तोंडाची केबल हातात धरून तिच्या मागं मागं गेले, ती निघाली गेटवरच्या कॅमेऱ्यांची. दिवसभराचं चित्रण बाहेरच्या सर्व्हरवर जातं, ते सगळं तुझ्या नावावर पडत होतं. दसऱ्याला पूजेसाठी आपल्या शिपाई उद्धवरावांनी स्विचचं कपाटही उपसून पुसलं होतं, झेंडूची माळ घातली होती, आठवतं? केबली परत लावताना अदलाबदल झाली. विचारलं तर हसले. “अगं पोरी, दिवं लागलं, नेट चाललं, मग कुठल्या का भोकात असंना!” मी तुझं नाव घेतलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, स्टुलावर बसले. “आता त्या पोरीला मी कंचं तोंड दावू?” एवढंच म्हणाले.

मी सेटिंग दुरुस्त केलं. इंटरफेसना आता माणसांची नावं नाहीत, जागांची आहेत. आपल्या मॅनेजर रविराजसरांसमोर कॅमेऱ्याची केबल काढली, तीच रेघ खाली आलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. “सापडलं ते बरं झालं,” म्हणाले आणि फोन घेऊन बाहेर गेले.

आता खरं सांगते. हे पत्र मी त्यांच्याच सांगण्यावरून लिहायला घेतलं. “तुझी मैत्रीण ना ती? समजूत काढ. सोमवारी येऊन गुपचूप कामाला बसू दे, उगाच गाजावाजा नको.” रश्मी, तू अशी येऊ नकोस. सगळ्यांसमोर बॅग तपासून तुला गेटबाहेर काढलं, तर तुझी चूक नव्हती हेही सगळ्यांसमोरच सांगितलं पाहिजे. हे मी सरांना तोंडावर सांगितलंय. ते चिडलेत. माझं पुढं काय होईल माहीत नाही. सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे उभे असतात, तेव्हा ते बोलले तर तुला लगेच बोलावते. नाही बोलले तर मी बोलेन. मग कदाचित दोघी मिळूनच दुसरीकडे काम शोधू.

काही झालं तरी तुझीच,
अंजली