उजव्या मनगटाची पट्टी

४ ऑक्टोबर

प्रिय बाळे,

पन्नाशी उलटली तरी तू बाळेच, त्याला माझा इलाज नाही. तू बरी असशील, भावजी बरे असतील आणि लग्न ठरल्यापासून भाचीचे पाय जमिनीला लागत नसतील, असं धरून चालते. माझं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण फक्त कामाला जाताना. सुट्टीच्या दिवशी त्याची काही तक्रार नसते, म्हणजे लबाडच आहे.

फोन करत नाही. फोन केला की तू म्हणतेस, "थांब हं ताई, दारावर कोणीतरी आलंय." तुझ्या दारावर फारच माणसं येतात बाई. पत्र निदान कोणी येऊन गेल्यावर पुढे वाचता येतं.

विहीणबाईंना भेट द्यायच्या दोन्ही उशा खोक्यात भरल्या आहेत. तू सांगितलास तसाच राखाडी रंग, मधून तीन जाड वेण्या, मागे लाकडी बटणं. कापूसही मीच भरला. मागे तू स्वतः भरलास तेव्हा इतका ठासलास की उशीचं पोतं झालं होतं, आणि वीण ताणून मधली भोकं दिसायला लागली होती. या वेळी हात लावू नकोस. खोक्यातून काढ, जरा झटक आणि दे.

दिवसभर दवाखान्याच्या कापडखोलीत मी अभ्रे नि चादरी तपासत असते. धुऊन आलेल्यांतले फाटके वेगळे काढायचे, डाग असतील तर परत पाठवायचे. ज्या उशांवर माणसं कण्हतात त्या हाताळून घरी यायचं, आणि जिच्यावर कोणी डोकंसुद्धा ठेवणार नाही, नुसती कोचावर शोभेला मांडणार, ती विणत बसायचं. माझ्याबरोबरची परिचारिका म्हणते, तुम्हाला उशांनी झपाटलंय. मी म्हटलं, मला नाही, माझ्या बहिणीला. तिला कोणाकडे जायचं म्हटलं की माझ्या उशीशिवाय पाऊल उचलत नाही.

लग्न ठरल्याचं जेवण घरच्या घरी, चार माणसांत उरकलंस म्हणालीस. बरं केलंस. मला का बोलावलं नाही, असं मी विचारत नाहीये.

फक्त लग्नाची तारीख वेळेवर कळव. इथे रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो आणि आमची साहेबीण खाष्ट आहे. मी नवा कोटही शिवायला टाकलाय, निळा. शिंपी म्हणाला, "कोणाचं लग्न?" मी म्हटलं, "माझ्याच मुलीचं समजा."

तुझी,
ताई


१९ नोव्हेंबर

बाळे,

खुशाली विचारायला आज मन घेत नाही. तुझी कळलीच आहे. तुझ्या विहीणबाई माझ्याकडे येऊन गेल्या.

घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

त्या काही कामासाठी इकडे आल्या होत्या. भाचीने त्यांना माझा पत्ता दिला होता. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर उंच, नीटनेटकी बाई, हातात फळांची पिशवी. मला म्हणाल्या, "ब-ऱ्या आ-हा-त ना?" असं एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने. मला वाटलं, बिचारीला कमी ऐकू येत असणार. म्हणून मीही ओरडून म्हटलं, "ब-री आ-हे, या ना, ब-सा!" दोघी जणी एकमेकींवर ओरडत आत आलो. शेजारीण जिन्यात येऊन उभी राहिली होती.

चहा टाकायला उठले तर त्या लगबगीने म्हणाल्या, "राहू द्या, भाजेल तुम्हाला." तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी चहा केला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचा आवाज आपोआप साधा झाला. म्हणाल्या, "तुम्ही तर अगदी व्यवस्थित आहात."

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. पण बाई सरळ आहे. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने सांगितलं होतं की मोठी बहीण डोक्याने जरा अशी आहे. त्या म्हणाल्या, माणसांत आणत नाही आम्ही तिला. वेळ जावा म्हणून मीच तिला थोडं विणकाम शिकवलं, पण तिला धड जमत नाही."

बाळे, मी हे इथे जसंच्या तसं लिहिलंय. तू हे लिहिलेलं वाच. बोलताना कदाचित तुला ऐकू आलं नसेल.

पुढचंही त्यांच्याकडूनच कळलं. चार माणसांचं तुझं जेवण भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये होतं, आणि भिंतीकडेच्या प्रत्येक खुर्चीवर माझी एकेक उशी मांडलेली होती. ती हिरवी, मी तुझ्या वाढदिवसाला केलेली. ती पिवळी, भाचीच्या निकालाची. सगळे तुझ्या विणकामाचं कौतुक करत होते. पण विहीणबाई स्वतः विणतात, हे तुला ठाऊक नव्हतं. तुझं नशीबच फुटकं. त्यांनी पिशवीतून सुया काढल्या आणि तुला म्हणाल्या, "या वेण्यांची एक ओळ मला घालून दाखवा." तू मनगट पुढे केलंस. पट्टी बांधलेलं. म्हणालीस, विणून विणून सुजलंय, डॉक्टरांनी सुईला हात लावू नका म्हणून बजावलंय.

उजवं मनगट, बाळे! अगं, खोटंच बोलायचं होतं तर हात तरी बरोबर बांधायचा. मी आईच्या समोर बसून शिकले, ती उजवी, मी डावखुरी, म्हणून मी घातलेली प्रत्येक वेणी उलट्या अंगाला वळते. जन्मभर माझ्या उशा वाटत फिरलीस, एकदा तरी त्यांच्याकडे नीट पाहिलंस का? त्या बाईने उशी हातात घेतल्याबरोबर ओळखलं, हे डाव्या हाताचं काम आहे. आणि समोर तू उजवा हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने सगळ्यांना वाढत होतीस. त्यांनी उशी परत खुर्चीवर ठेवली. नंतर भाचीशी बोलता बोलता सहज विचारलं, तुमच्याकडे डावखुरं कोणी आहे का? पोरगी म्हणाली, मावशी आहे की.

तर ते सगळं सांगून त्यांनी माझ्यापुढे सुया धरल्या. म्हणाल्या, "एकच ओळ. माझ्या मुलाच्या सासूबाई खऱ्या बोलतात की खोट्या, एवढंच मला बघायचंय."

माझं अर्धं विणकाम शेजारच्या खुर्चीत पडलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या तेवढ्यात मी सरकून त्याच्यावर बसले. दोन्ही सुया टोचत होत्या आणि मी हसत होते. तुझ्या पोरीला त्या घरात जायचंय, हेच एक डोक्यात होतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "मला नाही हो येत. माझी बहीणच करते सगळं."

त्यांनी सुया पिशवीत ठेवल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी घ्या." पुन्हा तसंच, सावकाश. म्हणजे बघ, जे तू त्यांना तोंडाने सांगितलंस ते मी करून दाखवलं.

मला राग आलाय. तू उशा स्वतःच्या म्हणून दिल्यास, हे मी गिळलं असतं. मागितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, सांग जा, तू केल्यास म्हणून. मला काय त्याचं. पण उशीचं खोटं टिकावं म्हणून तू बहिणीला वेडी ठरवलंस, हे घशाखाली उतरत नाही. तो चहाचा कप मी अजून धुतलेला नाही, का ते मलाही सांगता येत नाही.

मी तोंड उघडणार नाही. लग्न होऊ दे. बदल्यात एकच मागते. मला बोलाव. व्यासपीठावर नको, फोटोत नको, कुठल्या तरी रांगेत बसेन. कोणी विचारलं तर एवढंच म्हण, ही माझी मोठी बहीण. उशांचं नाव काढायची गरज नाही.

निळा कोट तयार आहे. उत्तराची वाट बघते.

तुझी,
ताई


११ जानेवारी

बाळे,

तुझं खोकं पोचलं.

पोस्टमनने दारात ठेवलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला वाटलं, लग्नाचं काही असेल. उशिरा का होईना, एखादा फोटो, एखादी ओळ. आत लोकर निघाली. गुलाबी आणि पांढरी, गुंडेच्या गुंडे. वर चिठ्ठी: "ताई, लग्नात फार धावपळ झाली. जावईबापूंच्या घरच्या बायकांना एकेक उशी द्यायची आहे. या महिन्यात जमलं तर बघ. हात अजून दुखतो म्हणून सांगितलंय, तेव्हा उशीर झाला तरी चालेल." माझ्या पत्राबद्दल एक अक्षर नाही.

चिठ्ठी वाचून मी आधी हसले. शेजारणीने दार वाजवून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बहिणीचा विनोद आलाय. मग दार लावून घेतलं आणि रडले. माझ्या कष्टांसाठी नाही रडले. तुझ्या हाताच्या दुखण्याची काळजी तू लोकांपुढे घेतेस, आणि ज्या हाताने हे सगळं झालं त्याला निरोप काय, तर उशीर झाला तरी चालेल.

भाचीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, तुला गर्दी सोसत नाही म्हणून आई तुला आणू शकली नाही ना? मला फार वाईट वाटलं गं." काय सांगू त्या पोरीला? म्हटलं, हो बेटा, गर्दी सोसत नाही. पुन्हा तुझीच बाजू घेतली. सवय जात नाही.

लग्नाच्या दिवशी मी कामावर गेले. भाचीकडून तारीख कळली तेव्हा रजेचा अर्ज दिला होता, तुझं बोलावणं आलं नाही म्हणून तो परत घेतला. साहेबिणीने विचारलं, "अहो, लग्न होतं ना तुमच्याकडे?" मी म्हटलं, "पुढे गेलं." संध्याकाळपर्यंत फाटके अभ्रे वेगळे काढत बसले. निळा कोट घालून गेले होते. कापडखोलीत त्याचं कोणाला काय!

मागच्या आठवड्यात विहीणबाई पुन्हा आल्या. या वेळी फळं नाहीत, आणि सावकाश बोलणंही नाही. म्हणाल्या, "लग्न झालं. तुमची भाची आता माझ्या घरातली आहे आणि राहणार आहे. तिची आई काय बोलते त्याचा तिला कधी त्रास होणार नाही, हा माझा शब्द. आता खरं सांगा."

मी उठले. कपाटातून सुया आणल्या आणि त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून वेणी घालायला घेतली. तोंडाने तुझ्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि त्यांनीही विचारला नाही. त्या बघत राहिल्या. एकदा फक्त म्हणाल्या, "हे माझ्या हाताला कधीच जमलं नसतं." बाळे, एवढी वर्षं मी विणते आहे, पण मी विणत असताना समोर बसून ते कोणी पाहिलं नव्हतं. तू तर कधीच नाही.

त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा बायका जमतात, विणतात, गप्पा मारतात. त्यांनी मला शिकवायला बोलावलंय. मी हो म्हटलं. येत्या शनिवारपासून जाणार आहे. तू पाठवलेली लोकर ठेवून घेतली आहे, नवशिक्या बायकांना सरावाला होईल. उशा करणार नाही. यापुढे तुझ्यासाठी एकही करणार नाही. जावईबापूंच्या घरच्या बायकांना काय द्यायचं ते दुकानातून आण.

लेकीला भेटायला तू त्या घरी जात असशीलच. कधी ना कधी शनिवारी येशील. मी मधल्या खोलीत असेन, सगळ्या बायकांच्या मधोमध. तुला बघितल्यावर मी उठणार नाही, हाकही मारणार नाही आणि तोंडही फिरवणार नाही. तुझी पोरगी तिथे असेल, तिची सासू असेल. एखादी बाई तुला विचारेल, "या कोण हो तुमच्या?"

मी मान खाली घालून विणत राहीन. तुला हवा तेवढा वेळ घे. पण उत्तर तू द्यायचंस, सगळ्यांदेखत, मोठ्याने. आजवर तुझ्या वतीने मी खूप बोलले. आता नाही.

खाली नेहमीसारखं नातं लिहायला गेले होते. थांबले. ते आधी तुझ्या तोंडून ऐकेन, मग लिहीन.